अकरा मिनिटं पुढचं घड्याळ

भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत नीळकंठराव देवपुजारी म्हणजे चालतंबोलतं घड्याळ. गणपतीतल्या नाटकाची तिसरी घंटा तीस वर्षं त्यांनीच दिली. राजाची मिशी चिकटवायची राहिली तरी घंटा मिनिटभरही हलली नाही. “माझं लग्न तुमच्याशी कुठे, तुमच्या मनगटाशी लागलंय,” असं मनोरमाबाई म्हणायच्या.

कारखान्याचे सगळे कंप्युटर एका जाळ्यात घ्यायचं ठरलं, तेव्हा वेळ जुळवायचं काम साहजिकच त्यांच्याकडे आलं. मुख्य सर्व्हरने वेळ बाहेरच्या प्रमाण घड्याळाकडून घ्यायची, बाकीच्यांनी सर्व्हरकडून. पाच मिनिटांहून जास्त फरक पडला, की सर्व्हर त्या मशीनला ओळखच दाखवत नाही.

महिन्यापूर्वी हेच काम चालू असताना, चार एकतीसला, वसाहतीच्या दवाखान्यातून फोन आला. तिथली कारकून सिंधू म्हणाली, “भाऊ, लवकर या. वहिनी सिरीयस आहेत.” हातातलं मशीन अर्धवट होतं. ते पुरं करून नीळकंठराव निघाले, तेव्हा चार सदतीस झाले होते. सायकलने पाच मिनिटं. पोचले तर मनोरमाबाईंच्या तोंडावर चादर ओढलेली. दवाखान्याच्या कंप्युटरवरून निघालेल्या कागदावर मृत्यूची वेळ चार चाळीस.

सहा मिनिटं. तेव्हाच उठलो असतो तर ती भेटली असती.

ते रडले नाहीत. जेवत होते, कामावर जात होते, घड्याळाला किल्ली देत होते.

आज दवाखान्याचा कंप्युटर जाळ्यात आला आणि लगेच अडला.

“बघा ना भाऊ, आत घेऊनच नाही राहिला मला! पासवर्ड तर बरोबर टाकून राहिली मी.”

वेळ लावण्याआधी फरक बघायचा, ही नीळकंठरावांची शिस्त. त्यांनी बघितला. अकरा मिनिटं पुढे.

“घड्याळ कोणी पुढे केलं?”

“मीच. दोन वर्षं झाली. शिवाजी नगरची बस सुटायची ना सारखी.”

चार चाळीसमधून अकरा गेले. चार एकोणतीस. फोन चार एकतीसचा.

“सिंधू, तू फोन केलास तेव्हा ती...”

सिंधूने टेबलावरची फाइल उगाच सरळ केली. “तुम्ही सायकलवर येणार होते भाऊ. त्या रस्त्यावर ट्रक चालतात. कसं सांगू मी?”

छातीवरचं काही उतरेल म्हणून ते थांबले. काही उतरलं नाही. पंखा तेवढा फिरत होता. त्यांनी दोन ओळींचा हुकूम टाइप केला. कोपऱ्यातली वेळ मागे आली.

“टाक आता पासवर्ड.”

मशीनने आत घेतलं. सिंधू हळूच म्हणाली, “कागदावरची वेळ बदलायची का, भाऊ?”

“राहू दे.”

अजून दोन मशीनं बाकी होती. नीळकंठराव ती तशीच टाकून सायकलवर बसले. पाच मिनिटांत क्वार्टर आलं. कुलूप काढायचं सोडून ते पायरीवर बसून राहिले. किती वेळ, ते त्यांनी पाहिलं नाही.