चौथ्या पिढीचा वाफा

हैदराबादला जामबागच्या मराठी शाळेतून मॅट्रिक झाले आणि सरकारी शेतीखात्यात मला हंगामी नोकरी लागली. माझे साहेब नांदेडकडचे होते. कमी बोलायचे, आणि माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे असूनही मला 'अहो बाई' म्हणायचे. त्यांच्याकडे एक प्रयोग होता. परदेशातून आणलेल्या डँडेलियनच्या मुळांतून रबर काढायचं.

झाड म्हणाल तर पाथरीच्या भाजीएवढं. तसंच पिवळं फूल, तसाच चीक. मूळ वाळवून मोडलं की दोन तुकड्यांमध्ये पांढरे तंतू ताणले जायचे. तेच रबर. ज्या मुळाचे तंतू लांब ताणले जात, त्याचा आधीच कापून ओल्या वाळूत ठेवलेला कोंबाकडचा तुकडा पुन्हा लावायचा आणि त्याचंच बी धरायचं. बी रुईच्या म्हातारीसारखं उडून जाई, म्हणून मी बेगम बाजारातून मलमल आणून त्याच्या पिशव्या शिवल्या होत्या. तंतू मोजायचं आणि वहीत लिहायचं काम माझं. मुळं मोडायला एक तेलुगू मजूरबाई होत्या, त्यांना सगळे अम्मा म्हणत. त्यांच्या हाताला चांगलं मूळ मोडायच्या आधीच कळायचं.

उन्हाळ्यात बहुतेक रोपं मरत. जी जगत, त्यांच्यावर पुढचं वर्ष. अशी चौथी पिढी वाफ्यात उभी होती, तेव्हा, छप्पन साली, हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले.

दफ्तरात रोज याद्या लागायच्या. साहेबांचं नाव मुंबई राज्याच्या यादीत आलं. मूळ जिल्हा मराठवाड्यातला, म्हणून. त्यांनी एका हंगामाची मुदत मागितली. ती मिळाली नाही.

जाताना ते वाफ्याशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "अहो बाई, नवे साहेब विचारतील. त्यांना एवढंच सांगा, की ही चौथी पिढी आहे आणि मार्चपर्यंत हात लावू नका. बाकी वहीत आहे."

"सांगते, साहेब."

नवे साहेब आठ दिवसांनी आले. माणूस वाईट नव्हता. त्यांना भुईमुगासाठी जागा हवी होती. वाफ्याशी थांबून त्यांनी मला सरळ विचारलं, "हे काय आहे? ठेवायला हवं का?"

त्याच आठवड्यात माझ्या नोकरीची मुदत संपत होती. ती वाढवायची की नाही, हे त्यांच्या सहीवर होतं. जुन्या साहेबांची माणसं म्हणून दोघांना आधीच घरी पाठवलं होतं. मी खाली बघून म्हटलं, "आधीच्या साहेबांचा प्रयोग होता."

"होता? मग ठीक आहे," असं म्हणून ते पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांगर फिरला. मातीत जागोजागी पांढरा चीक दिसत होता. अम्मांनी पदरात पाच-सहा मुळं वेचली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बोलना था ना, बेटी." ती मुळं त्यांनी आपल्या झोपडीमागे लावली. चैत्राच्या उन्हात तीही गेली.

साहेबांनी थोडं बी सोबत नेलं होतं. परभणीहून त्यांचं पत्र आलं. त्यातलं काहीच उगवलं नव्हतं. 'तिथला वाफा कसा आहे?' असं त्यांनी विचारलं होतं. उत्तर लिहायला मला महिना लागला. नवे साहेब काय म्हणाले, मी काय म्हटलं, सगळं जसंच्या तसं लिहिलं.

त्यांचं कार्ड आलं. 'आपल्या हवेत ते टिकलंच असतं असं नाही. मनाला लावून घेऊ नका. नोकरी सांभाळा.' खाली सही. ते वाचून मला बरं वाटलं नाही. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

नोकरी पुढे कायम झाली आणि मी भुईमुगावर निवृत्त झाले. मधे एकदा त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. मी रात्रीची गाडी धरून परभणीला गेले. मांडवात साहेब स्वतः पुढे आले आणि व्याह्यांना म्हणाले, "या आमच्या हैदराबादच्या बाई. माझ्या सगळ्या नोंदी यांच्या हातच्या."

मी नमस्कार केला. पंगतीत त्यांनी मला आग्रहाने जिलबी वाढली. वाफ्याविषयी ते बोलले नाहीत, मीही बोलले नाही.