शोकेसमधलं पाइनचं फळ

नाल्याकडेला ताडपत्रीत गुंडाळलेलं ते प्रेत मी अजून विसरलेलो नाही, आणि त्याच्यापायी हाती आलेलं पाइनचं फळ तर मुळीच नाही. दोन हजारच्या दशकातली गोष्ट. माझी नेमणूक भिवंडीच्या पोलीस ठाण्यात होती. गावाबाहेर गोडाऊनांच्या रांगा वाढत चालल्या होत्या, त्यांच्याच मागच्या नाल्यात ते सापडलं. पाण्याने चेहरा ओळखू येत नव्हता. डोक्यात मागून घाव, खिसे रिकामे. खुनाचा गुन्हा दाखल केला, पंचनामा केला, वर्तमानपत्रांत वर्णन दिलं. कोणी फिरकलं नाही. शेवटी नियमाप्रमाणे पालिकेमार्फत बेवारस म्हणून दहन उरकलं. मागे उरले फक्त अंगावरचे कपडे.

आमच्या खबऱ्यांना काही ठाऊक नव्हतं. खबर आणली ती गोडाऊनजवळ चहाची टपरी चालवणाऱ्या दिघाशी गावाकडच्या एका बाईने.

“सायेब, आमचा बहादूर दिसत न्हाय. सुपरवायझर बोलतो, नेपालला गेला. अवो, पन तो नेपाली हायच न्हाय! हिमाचलचा हाय. नेपालला जाऊन काय करल?”

ही खोड भिवंडीत सगळ्यांनाच. डोंगराकडचा वॉचमन दिसला की तो नेपाळी आणि त्याचं नाव बहादूर. मालकापासून हमालापर्यंत कोणी खरं नाव विचारत नाही. सुपरवायझरने थाप मारली तीही याच खोडीतून.

बाईला प्रेताच्या अंगावरचा स्वेटर दाखवला. तिने वरचं बटण चाचपलं. “ह्यो बटन मी शिवलाय, सायेब.” डोळे पुसून म्हणाली, “त्याच्या केबिनच्या खिडकीत एक फल असायचा, लाकडावानी. मायनं दिलेला. कोनाला हात लावू देत नव्हता. तो पन न्हाय आता.”

सुपरवायझर गावातलाच, गोड बोलणारा, मालकाच्या खास मर्जीतला. आम्ही त्याच्या घरी गेलो. चहा येईपर्यंत माझी नजर शोकेसवर गेली. बाहुल्यांच्या मधोमध पाइनचं फळ!

“हे कुठलं हो?”

“मसुरीचं, साहेब. फॅमिली टूर केली होती. झाडाखालून मी स्वतः उचललं, पोरीसाठी.”

टूरचे फोटोही त्याने दाखवले. खरेच होते. मी त्याचं बोलणं शब्दशः जबाबात घेतलं आणि फळ पंचांसमक्ष जप्त केलं.

पुढे मात्र पंचाईत झाली. आमच्या हवालदाराकडेही मसुरीहून आणलेलं फळ होतं. दोन्ही टेबलावर शेजारी ठेवली. तोच तपकिरी रंग, तशाच जाड पाकळ्या, टोकं तशीच मागे वळलेली.

“साहेब, जुळी भावंडं आहेत,” हवालदार म्हणाला. “सोडा नाद.”

मी नाद सोडणाऱ्यातला नाही. दोन्ही फळं घेऊन कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक बाईंकडे गेलो. त्यांनी ती उजेडाकडे धरून फिरवली.

“टोकांवर जाऊ नका, दोन्हींची तशीच असतात. बी बसतं ती जागा बघा. तुमच्या हवालदारांचं फळ चीडचं, म्हणजे मसुरीकडच्या नेहमीच्या पाइनचं. चीडच्या बीला लांब पातळ पंख असतो, म्हणून पाकळीवर नुसता उथळ ठसा उमटतो. आणि या दुसऱ्यात?”

दुसऱ्यात लांबट, खोल खोबणी होत्या. करंगळीचं टोक आत बसत होतं.

“हा चिलगोजा. आपण सुकामेव्यात खातो तोच. बी मोठं, पंख नावापुरता. हे झाड हिमाचलात वर किन्नौरकडच्या कोरड्या डोंगरातलं. मसुरीच्या जंगलात झाडाखाली हे सापडायचं नाही.”

“लिहून द्याल?”

“सही-शिक्क्यानिशी देते.”

सुपरवायझरला चौकशीला बोलावलं. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. दोन्ही फळं त्याच्यासमोर ठेवली आणि विचारलं, “यातलं तुमचं कुठलं?”

त्याने बराच वेळ पाहिलं आणि हवालदाराचं उचललं. “हे. घरातली वस्तू ओळखणार नाही का, साहेब?”

“ते आमच्या हवालदाराचं. तुमचं हे, आणि हे मसुरीत उगवतच नाही. कुठून आणलंत?”

त्याने पाणी मागितलं. ग्लास रिकामा झाला आणि तो बोलायला लागला. गोडाऊनमधले कापडाचे तागे तो टेम्पोने परस्पर बाहेर काढत होता. वॉचमन टेम्पोसमोर आडवा उभा राहिला. पाठ फिरवून तो गेट बंद करायला गेला तेव्हा याने मागून टेम्पोतली लोखंडी टॉमी डोक्यात घातली. मग तो गावी गेला असं भासवायला त्याची वळकटी, ट्रंक, सगळं जाळून टाकलं.

“आणि हे का ठेवलंस?” मी अहो-जाहो सोडलं होतं.

“छान दिसत होतं, साहेब. म्हटलं पोरीला आवडेल.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी इतका कोणावर चिडलो नसेन. टॉमी आणि टेम्पो त्याने काढून दिले, दोषारोपपत्र भक्कम झालं.

किन्नौर पोलिसांच्या मदतीने वॉचमनचं घर सापडलं. वडील आले. त्यांना द्यायला माझ्याकडे ना प्रेत होतं, ना अस्थी. ओळख पटवण्यासाठी फळ समोर ठेवलं, तर म्हाताऱ्याने एका खोबणीत अंगठा टेकवला.

“हमारे आँगन का है. इसकी माँ ने दिया था, बोली थी लौटते वक़्त साथ लाना.” मग हात जोडून म्हणाले, “मुझे दे दो, साहब. उसकी माँ के हाथ में कुछ तो रखूँ.”

तो मुद्देमाल होता, पुरावा होता. देता येत नव्हता. खटल्याचा निकाल लागला की मी स्वतः पाठवीन, असा शब्द मी दिला.

जन्मठेप झाली. तोवर माझी बदली झाली होती. निकाल कळताच मी फळ मागून घ्यायचा अर्ज पाठवला, वर फोनही केला. मुद्देमाल सांभाळणारा कारकून म्हणाला, “साहेब, ऑर्डरमध्ये किंमतशून्य वस्तू नष्ट करा असं होतं. गेल्या आठवड्यातच जाळलं. राळ असते ना त्यात, भुर्रकन पेटलं.”

तेव्हापासून मी जिथे जिथे काम केलं तिथे नव्या शिपायांना पहिली गोष्ट हीच सांगितली, की हद्दीतल्या प्रत्येक वॉचमनला नाव विचारा, गाव विचारा. या माणसाचं नाव मला तोंडपाठ आहे. घरच्यांना विचारल्याशिवाय छापणार नाही, एवढंच.

कारकुनाच्या त्या फोननंतर म्हाताऱ्याला कळवणं भाग होतं. त्यांच्या गावातल्या दुकानावर फोन लावून बोलावून घेतलं आणि खरं ते सांगितलं. मला लाज वाटत होती.

“कोई बात नहीं, साहब,” ते म्हणाले. “लड़का भी तो ऐसे ही गया.”