तक्त्याची वरची ओळ

आईच्या किडन्या थकल्यावर डॉक्टरांनी तिला दिवसाला एक लिटर ठरवून दिलं. पाणी, चहा, सगळं मिळून हजार मिली. हर्सूलकडच्या आमच्या घरात नळ आठवड्यातून एकदा येतो, त्यामुळे मोरीजवळ पाण्याचे तीन ड्रम कायम भरलेले. त्यांच्यासमोरून ती तहानलेली ये-जा करायची.

मी शाळेत मराठी शिकवते. आकड्यांची सवय नाही, तरी लॅपटॉपवर तक्ता केला. दोन रकाने: एक तिच्या फुलपात्राचा, एक चहाच्या कपाचा. फुलपात्रात दीडशे मावायचं, कपात शंभर. रकान्यांच्या माथ्यावर नावांऐवजी मी हेच आकडे लिहिले, ठळक केले, पिवळ्या रंगाने भरले. खाली दिवसभराच्या नोंदी मिलीत, तळाशी दोन्ही रकान्यांची एकूण बेरीज. दिवसा कागदावर टिपून ठेवायचं आणि संध्याकाळी त्याच फाइलमध्ये कालच्या तक्त्याची नक्कल काढून जुन्या आकड्यांवर नवे लिहायचे. बेरीज आपोआप बदलायची.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ती म्हणाली, "अर्धं फुलपात्र दे गं."

मी लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे बघ आई, हजार झालं."

"मी एवढं नाय पेले." मग पडद्याकडे बघत म्हणाली, "तुझ्या मशिनलाच लई तहान लागती, माय."

आम्ही दोघी हसलो. मी रुमाल ओला करून तिच्या ओठांवरून फिरवला. पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी साठलेलं नाही, वजन छान सांभाळलंत. त्या शाबासकीवर मी दोन महिने काढले.

पावसाळ्यात आई गेली. तिच्या दुखण्याने, असंच सगळे म्हणाले.

परवा शेजारच्या भाभी आल्या. त्यांच्या मिस्टरांचं डायलिसिस सुरू झालंय. "बाजी, अम्मीका वो तक्ता हमकू भी देव ना. इनकू पानी नापकेच देना पडता."

देते म्हटलं. त्यांच्यासाठी कोरी प्रत करावी म्हणून शेवटच्या तक्त्याची वेगळी नक्कल काढली आणि तिच्यातल्या आईच्या सगळ्या नोंदी पुसल्या. तक्ता रिकामा झाला. तळाशी बेरीज मात्र तशीच उभी होती: दोनशे पन्नास.

मी बेरजेच्या चौकटीवर क्लिक केलं. बेरीज करताना मी रकाना अगदी वरपासून निवडला होता. पिवळा रंग माझ्यासाठी होता; यंत्राला तिथं फक्त आकडे दिसत होते. रोज न प्यालेलं एक फुलपात्र आणि एक कप मी आईच्या नावावर मांडत आले होते.

वर अक्षरांत 'फुलपात्र' आणि 'कप' लिहिलं. तळाशी शून्य आलं. भाभींना तक्ता दिला, बेरीज कशी तपासायची तेही दाखवलं. त्या दुवा देत गेल्या.

मग मे महिन्यातली ती संध्याकाळ उघडली. वरचे दोन आकडे काढले. खाली सातशे पन्नास आलं.

आईचे असे आणखी किती दिवस आहेत, ते फाइलच्या तळाशी तारखांच्या ओळीत दिसतात. एकेक उघडते. वरच्या ओळीपाशी हात थांबतो. बंद करते. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर पुन्हा उघडते. मोरीजवळचे ड्रम भरलेले आहेत. मला पाणी प्यायचं असतं, पण उठवत नाही.