न दुखणारं बोट

डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "टोचलं की हो म्हणा." मी वाट पाहत बसले. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "उघडा डोळे, सिस्टर. सात वेळा टोचलं, तुम्ही एकदाच हो म्हणालात."

डाव्या करंगळीवर आणि तिच्या शेजारच्या बोटावर रक्ताचे बारीक ठिपके आले होते. मग त्यांनी माझं कोपर चाचपलं आणि कंपाउंडरला लिहायला सांगितलं, "अल्नर नर्व्ह थिकन्ड." म्हणजे कोपरामागून या दोन बोटांकडे जाणारी नस जाड झाली होती. मनगटाच्या वर रुपयाएवढा फिकट डाग होता, तिथेही मला कापसाचा स्पर्श कळला नाही. "लेप्रसी आहे," ते म्हणाले. महारोग.

मला रडू आलं नाही. भीतीही वाटली नाही. खिडकीबाहेर शिरूरच्या बाजाराला आलेली बैलगाडी उभी होती, तिचं चाक मी पाहत राहिले. हे लिहायला लाज वाटते, पण जे झालं ते असं झालं.

मी दौंडच्या कॅथलिक कॉन्व्हेंटमधली. वय चोवीस. पहिली व्रतं तीन वर्षांची असतात, ती संपत आली होती आणि ईस्टरनंतर मला कायमची व्रतं घ्यायची होती. शिरूरचा दवाखाना प्रॉटेस्टंट मिशनचा. त्यांच्यात आणि आमच्यात तेव्हा विस्तव जात नसे, पण या रोगाचे डॉक्टर त्यांच्याकडेच होते.

आता माझी चूक सांगते. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, भाकरीच्या पातळ चकत्या भाजायचं काम माझ्याकडे होतं. लोखंडी साचा निखाऱ्यावर तापवायचा, त्यात पीठ ओतून दाबायचं. नव्या मुलींची बोटं हमखास भाजत. आम्हाला शिकवण अशी होती की दुखलं-खुपलं तर बोलू नये, मुकाट्याने देवाला अर्पण करावं. एके दिवशी चामडी जळाल्याचा वास आला. पाहते तर माझंच बोट साच्याला चिकटलेलं, आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. मला वाटलं, देवाने माझं अर्पण स्वीकारलं. त्या दिवशी मी चॅपेलमध्ये आनंदाने गुडघे टेकले. शहाणपण असं ओसंडून वाहत होतं! पुढे बोटं वाकू लागली, तेव्हा कॉन्व्हेंटच्या प्रमुख मदरनीच मला शिरूरला धाडलं.

दवाखान्याच्या ओट्यावर कारेगावचे एक म्हातारे धनगर बसले होते. सगळे त्यांना आबा म्हणत.

"सिस्टर, तुमी हितं कशापायी बसलाय? गोळ्या वाटायला आत जा की."

"मलाच घ्यायच्यात, आबा."

आबा घोंगडी सरकवून म्हणाले, "मंग बसा. हितं सावली हाय."

स्मिअर केला. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काढलेला द्राव काचेवर पाहतात. तो निगेटिव्ह आला, म्हणजे माझ्यापासून कुणाला लागण होणार नव्हती. डॅप्सोनची गोळी सुरू झाली. "काही वर्षं घ्यावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "रोग थांबेल. बोटांची गेलेली जाणीव बहुधा येणार नाही."

दौंडला परतल्यावर मदरनी दार लावून घेतलं. "एकच विचारते. डाग कधीपासून आहे?"

प्रश्न साधा नव्हता. पहिल्या व्रतांनंतर आजारी पडलेल्या सिस्टरला त्यासाठी घरी पाठवत नाहीत. आधीचा आजार लपवून व्रतं घेतली असतील तर पाठवता येतं. मी ‘यंदाच दिसला’ म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं?

"पहिल्या व्रतांच्या आधीपासून," मी म्हणाले. "नायटा वाटला. तक्रार कशाला, म्हणून बोलले नाही."

मदरनी टेबलावरचा कागद पुढे ओढला. "तुम्हाला बोलू नका असं मीच शिकवलं," त्या म्हणाल्या. "आपल्या संघाच्या वरिष्ठांना हेही लिहिते."

उत्तर यायला कित्येक महिने लागले. ईस्टर आला आणि गेला. माझ्याबरोबरच्या मुलींनी व्रतं घेतली, मी मागच्या बाकावरून गायले. दर महिन्याला न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीने शिरूरला जायचं, रांगेत बसायचं, गोळ्या घेऊन यायचं. माहेरी पाठवलं तर आई मला कुठे ठेवील, हेही मी मनाशी विचारून पाहिलं.

एकदा आबांनी माझ्या बोटावरचा फोड पाहिला. "ह्यो कवा झाला?"

"माहीत नाही. दुखत नाही ना."

"आवो, हाताला इचारू नगा, त्यो खोटं बोलतोय. रोज सांजच्याला दोन्ही हात डोळ्यानं बघायचे. म्या मेंढरं बी तशीच बघतो, पाय उचलून. मुकं जनावर काय सांगनार?"

हे मी मदरना सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळच्या प्रार्थनेआधी त्या सगळ्यांचे हात पाहू लागल्या. एकीला नखुरडं झालं होतं, एकीचा अंगठा पिकला होता. महिनोन् महिने कुणी बोललं नव्हतं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या अंगावर न दुखणारा डाग असेल, तर तो आजच दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. मी थांबले आणि दोन बोटांची जाणीव गमावली.

वरून पत्र आलं ते पुढच्या उन्हाळ्यात. मदरनी उभ्या उभ्या वाचून दाखवलं: तिने फसवलं नाही, व्रतं द्यावीत.

व्रतं घेताना अंगठी घालतात. फादरांनी माझा डावा हात धरला. अंगठी नेमकी त्याच बोटात, करंगळीशेजारच्या. त्या वेळी डोळे मिटून घ्यायची आमची रीत आहे. मी मिटले नाहीत. वाकलेल्या बोटात ती गेली की अडकली, हे मला हातावरून कळणार नव्हतं. मी खाली पाहिलं.

अंगठी बोटात होती. तेव्हा कुठे मला रडू आलं.