न झिजवलेलं हृदय

तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला जिना चढायला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, हे मिस्त्रीणबाईंना केव्हाच कळून चुकलं होतं. तरी त्या सांगत राहिल्या, कारण मिस्त्रींना आता बुटाची नाडी बांधतानाही धाप लागायची.

डॉक्टरीणबाईंनी खडसावलंच होतं, "हृदय हा स्नायू आहे. रोज अर्धा तास भरभर चाला. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतपत दम लागू द्या. हृदय बळकट झालं की एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं, मग एरवी त्याला कमी ठोके पुरतात. फुफ्फुसांचंही काम हलकं होतं."

मिस्त्री घरी येऊन म्हणाले, "बाईंना यंत्रातलं काही कळत नाही. अगं, जे फिरतं ते झिजतं. मोटर असो, दोर असो, नाहीतर काळीज. मी माझं जपून वापरतोय."

"जपून ठेवून काय लोणचं घालणार आहात?"

उपयोग शून्य. घर सातव्या मजल्यावर, इमारतीची लिफ्ट मिस्त्रींच्याच देखरेखीखाली. रोज सकाळी "चालायला जातो" म्हणून हा गृहस्थ लिफ्टने खाली जाई आणि वॉचमनच्या खुर्चीत अर्धा तास बसून लिफ्टने वर येई. मिस्त्रीणबाईंनी कपाळाला हात लावला होता.

मग एका दुपारी बाई लिफ्टमध्ये अडकल्या, पाचव्या आणि सहाव्याच्या मधोमध. त्यांनी फोन केला. मिस्त्री खालीच होते. "आलोच!" म्हणाले. लिफ्टची मोटर गच्चीवरच्या खोलीत, आणि लिफ्ट बंद पडली की तिथवर जायला उरतो तो जिना. तीस वर्षं कामावर हाताखालचे लोक वर पळत. आज कोणी नव्हतं.

बाईंना पावलं ऐकू येत होती. पहिला मजला झाला, दुसरा झाला. तिसऱ्यावर बराच वेळ गेला. "कासव परवडलं!" त्या करवादल्या. चौथ्यावर पावलं थांबली आणि नुसता श्वास वर येऊ लागला, फाटक्या भात्यासारखा. बाईंचा राग कुठल्या कुठे गेला. लिफ्टमध्ये त्या सुखरूप होत्या. जिवावर बेतलं होतं ते जिन्यावरच्या माणसाच्या.

"अहो, बसा! चढू नका! मी बरी आहे इथे!"

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका आवाजाने बाहेर आल्या. वय सत्तर, रोज पहाटे तासभर चालणाऱ्या. मिस्त्री त्यांना माघारी 'झिजलेला टायर' म्हणायचे. त्या टायरनेच मिस्त्रींच्या हातातून गच्चीवरच्या खोलीच्या किल्ल्या घेतल्या आणि कुठेही न थांबता गच्ची गाठली. काय करायचं ते मिस्त्रींनी फोनवर तुटक तुटक सांगितलं. शिक्षिकाबाईंनी मेन स्विच बंद केला, ब्रेकचा दांडा दाबला आणि चाक फिरवत लिफ्ट पाचव्यावर आणली.

दार उघडताच बाई धावत खाली गेल्या. मिस्त्री पायरीवर बसले होते, ओठ पांढरे, सदरा घामाने चिंब. तोंडावर आलेल्या शिव्या बाईंनी गिळल्या आणि त्या रडायलाच लागल्या.

तपासण्या झाल्या. अडथळा कुठे नव्हता, हृदयाला श्रमाची सवयच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी एवढंच विचारलं, "वर्षभर लिफ्ट बंद ठेवली तर तिचं काय होतं?"

"गंजते," मिस्त्री पुटपुटले.

दोन महिने ते सपाट रस्त्यावर चालले, मग डॉक्टरीणबाईंच्या परवानगीने जिना. पण मोह नको म्हणून या शहाण्याने रोज सकाळी अर्धा तास लिफ्टवर 'देखभालीसाठी बंद' अशी पाटीच लावली. सगळी इमारत बोटं मोडायची, तीही त्यांना चालायला लावणाऱ्या मिस्त्रीणबाईंच्या नावाने. करणार एक, भोगणार सगळे!

एका सकाळी दूध घेऊन दोघं चढत होते. मिस्त्रींची तळमजल्यापासून बडबड चालू होती. पाटी कशी बरोबर आहे, शेजारी कसे आळशी आहेत. एरवी बाईंनी त्यांना पहिल्याच मजल्यावर गप्प केलं असतं. आज त्या मुद्दाम वाद घालत राहिल्या. चौथ्या मजल्याची ती पायरी आली, मागे पडली, आणि मिस्त्रींचं वाक्य कुठेही तुटलं नाही.