नानांचा मोठा आवाज

मला सावद्याच्या शाळेत नोकरी लागली तोवर धुळ्याची कापडगिरणी बंद पडली होती आणि आईही गेली होती. तिथल्या खोलीत उरले एकटे नाना, माझे वडील. त्यांना मी हट्टानं घेऊन आले. त्यांचं बघायला कुणी नाही, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मलाच सावद्यात कुणी नव्हतं. शाळा सुटली की भिंतींशी बोलायचं तेवढं बाकी होतं.

धुळ्यात पांझरेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त आणि गिरणीचं धुराडं नुसतं उभं. इथं मागच्या दारापासून केळीच्या बागा. डोळे निवतील असं गाव. नानांनी पहिल्या दिवशी बाग पाहिली आणि म्हणाले, "बठ्ठं गुमसुम शे." सगळं चिडीचूप, म्हणजे.

गिरणीत साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटात जन्म काढलेला माणूस हळू बोलायचं विसरतो. नाना मीठ मागायचे तरी शेजारीण दार उघडून बघायची. संध्याकाळी केळी कापून आलेली माणसं ओट्यावर टेकायची. नाना मायेनंच चौकशी करायचे आणि समोरचा दचकायचा. "बाई, तुमचे वडील लई रागीट आहेत का हो?" शेजारणीनं मला विचारलं. मी हसून सोडून दिलं. पण पुढं पुढं नाना आले की ओटा रिकामा व्हायला लागला. मग नानांनी बोलणंच टाकलं. घरात दोन माणसं, आणि मी पहिल्यापेक्षा एकटी.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांना धुळ्याला, जुन्या खोलीवर नेलं, तेवढाच हवापालट. पुलावरून जाताना पलीकडं भाजीची गाडी लावलेला एक म्हातारा थबकला. मधून ट्रक धडधडत होते. त्यानं बोटं मुडपली, छातीवर हात ठेवला, ओठ हलवले. नानांनीही हातांनीच उत्तर दिलं. साचेखात्यात कानांचा उपयोग नसे, म्हणून सगळे असेच बोलत. मी फक्त ऐकून होते. नाना हसत होते.

"काय म्हणाले ते?"

"त्यानी बायको बिमार शे. पोर नांदाले गयी. तुन्हं लगीन व्हयनं का, इचारस."

एवढं सगळं बोलणं झालं आणि मला त्यातलं अक्षरही कळलं नव्हतं.

निघायच्या सकाळी नानांनी पिशवी भरलीच नाही. "तू जाय. मी आठेच बरा शे." इथंच बरा, म्हणे.

मी भांडले. गिरणीला कुलूप आहे, ओळखीचे निम्मे पांगले, आजारी पडलात तर पाणी कोण देईल, सगळं बोलून घेतलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आठे माले कोनी रागीट म्हनत नही."

मी माझी पिशवी उचलली. एकटीच एसटीत बसले.

सावद्याला पोचले तर शेजारीण दारातच होती. "वडील नाही आले?"

"तिथंच राहिले."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "आता तुम्हालाही जरा शांतता."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी हो म्हटलं, आत गेले, कडी लावली आणि पदर तोंडात धरून रडले, तिला ऐकू जाऊ नये म्हणून.