शाळेपुढचा ब्रेकर आणि उसाची ट्रॉली

‘‘मॅडम, या ब्रेकरजवळ एक फोटो होऊन जाऊ द्या,’’ नागरगोजे साहेब म्हणाले.

स्पीड ब्रेकरसोबत फोटो काढून घ्यायची माझी ती पहिलीच वेळ. ब्रेकर देखणा होता, हे मान्य करायला हवं. ताजे पांढरे पट्टे, कडेला चमकणारे खांब, अलीकडे ‘पुढे शाळा आहे’ अशी पाटी. नागरगोजे साहेब रस्ते विभागाचे उपअभियंता. घरच्या कार्यात यजमान उभा राहतो तसे ते ब्रेकरशेजारी उभे राहिले.

मी सार्वजनिक आरोग्याची डॉक्टर. नोकरी संपली, पण मूल्यमापनाच्या कामाला अजून बोलावणं येतं. मूल्यमापन म्हणजे, काम झालं का हे तर बघायचंच, पण त्या कामानं नेमकं काय बदललं हेही शोधायचं. बीड जिल्ह्यात तेव्हा एक चांगला प्रयोग चालू होता. रस्ता असो, पाणीयोजना असो, बाजाराची जागा असो, कुठल्याही विभागानं काम काढलं की आधी आरोग्य विभागाला विचारायचं, यानं कुणी आजारी पडेल का, कुणाला इजा होईल का? आता हे खरोखर विचारतात का, आणि विचारून फरक पडतो का, हे मला बघायचं होतं.

हा ब्रेकर म्हणजे त्या प्रयोगाचा लाडका लेक. उमापूरच्या वाटेवरच्या या गावात शाळेसमोरून मोटारसायकली आणि जीपगाड्या सुसाट जायच्या. एका जीपनं शाळेतल्या जुन्या गुरुजींना उडवलं, ते वाचले नाहीत. मग आरोग्य विभागानं सुचवलं, शाळेच्या फाटकासमोरच वेग कमी झाला पाहिजे. रस्ते विभागानं ब्रेकर बांधला. तेव्हापासून तिथे एकही वाहन कुणाला धडकलं नव्हतं. जिल्ह्यातल्या मोठ्या साहेबांना हे इतकं आवडलं की ऊसवाहतुकीच्या रस्त्यांवरच्या सगळ्या शाळांसमोर, पुढच्या हंगामाआधी, अगदी असाच ब्रेकर बांधायचं ठरत होतं. अडलं होतं ते माझ्या रिपोर्टसाठी.

‘‘तुमी फक्त ‘उत्तम’ म्हना,’’ नागरगोजे साहेब म्हणाले, ‘‘बाकीचं आमी बघतो.’’

‘उत्तम’ म्हणायला माझी हरकत नव्हती. पण परत जाताना मी प्राथमिक आरोग्य केंद्रात चहाला थांबले आणि तिथे सगळं फिसकटलं.

केंद्राचे डॉक्टर फारूकी म्हणजे बोलका माणूस. ब्रेकरचं त्यांनीही कौतुक केलं. मग सहज म्हणाले, ‘‘बाकी हंगामात लेकरांचे हात लई मोडतात. प्लास्टर घालून घालून कंटाळलो.’’

‘‘कुठल्या गावची?’’

‘‘त्याच. ब्रेकरच्या.’’

‘‘कशानं मोडतात?’’

‘‘पडतात, मॅडम. लेकरंच हायत ती.’’

लेकरं बारा महिने पडतात. फक्त उसाच्या हंगामात आणि एकाच गावची लेकरं का पडावीत? माझ्या डोक्यात हा किडा एकदा शिरला की मी जेवणात मीठ आहे की नाही तेही सांगू शकत नाही. कुणी वाहनाखाली आलं का, असं विचारल्यावर फारूकींनी रजिस्टर उघडलं. म्हणाले, एका मुलीच्या पायावरून उसाची ट्रॉली गेली. पण ती मुलगी चालत्या ट्रॉलीतला ऊस ओढत होती, म्हणून तो रस्त्यावरचा अपघात असं कुणी धरलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी ब्रेकरसमोरच्या हॉटेलात जाऊन बसले. आपल्याकडे हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, भजी आणि चहा. भजी बरी होती.

आधी लांबून ट्रॅक्टरवरची गाणी ऐकू आली. मागे उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या, एकीला एक जोडलेल्या. ब्रेकरपाशी ट्रॅक्टर माणसाच्या चालीवर आला. आणि सगळा रस्ताच हलला. फाटकातून पोरं धावली. एसटीची वाट बघणाऱ्या दोन बायांनी पिशव्या खाली ठेवल्या. माझ्या शेजारचा म्हातारा चहा अर्धा टाकून उठला. ज्याला जो दिसला त्यानं तो ऊस धरला आणि मागे जोर लावला. ट्रॉली ब्रेकरवर चढली की हिसका बसायचा, ऊस सैल व्हायचा आणि ओढणारा उताणा पडायचा. पुढच्या ट्रॉलीचा ऊस ओढणारा पडायचा तो थेट मागच्या ट्रॉलीच्या चाकाच्या वाटेत.

माझ्या हातातलं भजं हातातच राहिलं. ब्रेकरनं मोटारसायकली थांबवल्या होत्या हे खरं. पण उसाची ट्रॉली हाताशी आणून देणारी जागाही त्यानंच केली होती, तीही बरोबर शाळेच्या फाटकासमोर.

मुख्याध्यापिका शिंदेबाई हे सगळं फाटकातून बघत होत्या. त्यांना म्हटलं, ‘‘तुम्ही कुणाला सांगितलं नाही?’’

‘‘पोरांना सांगितलं, दटावलं, फाटकाला कुलूप लावून बघितलं. कुलूप लावलं तर भिंतीवरून उड्या मारतात. ब्रेकर कुठं करायचा, हे मला कुणी इचारलंच न्हाई. आन् आता तो काढा म्हनले तर गाव मला जगू द्यायचं न्हाई. गुरुजी गेलेत त्या जागी.’’

म्हणजे ब्रेकर ठेवला तरी पंचाईत, काढला तरी पंचाईत.

ट्रॉली पायावरून गेलेली मुलगी पल्लवी. सातवीत होती. आईबाप ऊसतोडीला दूरच्या कारखान्यावर गेलेले, ही आजीपाशी. डाव्या पायात सळई घातलेली. मी तिच्याशेजारी शाळेच्या पायरीवर बसले.

‘‘मागची ट्रॉली दिसली नाही का ग?’’

‘‘दिसली की.’’

‘‘मग सोडायचा ना ऊस.’’

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच सातवीत नापास झाले होते. ‘‘अर्धा निघालेला ऊस कुनी सोडतं का, मॅडम?’’

मला आधी हसू आलं. आईबाप तिकडे दिवसभर ऊस तोडतात आणि लेकीचा पाय इकडे एका उसासाठी जातो. मला फार राग आला. कुणाचा, ते सांगता येईना.

मी नागरगोजे साहेबांना फोन लावला. साहेब उखडलेच.

‘‘ऊस ओढा असं ब्रेकरनं सांगितलं का, मॅडम? ही शिस्तीची गोष्ट हाय. शिस्त आमच्या विभागात येत न्हाई.’’

‘‘शाळेला विचारलं होतं का?’’

‘‘शाळा पण आमच्या विभागात येत न्हाई.’’

‘‘लहानपणी तुम्ही नाही ओढलात?’’

‘‘ओढलेत की. बैलगाडीचे. गाडीवान स्वतःच एखादा टाकायचा खाली. कुनी मेलं न्हाई.’’

‘‘साहेब, बैलगाडीला मागे दुसरी गाडी जोडलेली नसते.’’

यावर साहेब म्हणाले, ‘‘उद्या जागेवर येतो. पन सांगून ठेवतो, तुमी म्हनता तसं काई नसतंय. चार व्रात्य पोरं सोडली तर ऊस कुनी ओढत न्हाई.’’

ते आले. सोबत डॉक्टर फारूकीही आले. शिंदेबाई फाटकात होत्याच. साहेब आम्हा तिघांना नकाशा दाखवून उतार, उंची, रुंदी समजावत होते. तेवढ्यात मागून ट्रॅक्टर आला. साहेबांचा ड्रायव्हर बप्पा गाडीला टेकून उभा होता. पन्नाशीचा, मिशीवाला, शांत माणूस. त्याच्या तोंडावरची रेषही हलली नाही. फक्त हात पुढे गेला, ऊस धरला, एक हिसका दिला. ऊस निम्मा आला आणि अडकला. बप्पानं ब्रेकरला पाय लावून दोन्ही हातांनी ओढला. ऊस सुटला, बप्पा मागे झोकांडला, आणि मागच्या ट्रॉलीचं चाक त्याच्या टाचेला घासून गेलं.

‘‘ये बप्पा! मरतो का बे!’’ साहेब ओरडले.

बप्पानं मागे वळून चाकाकडे बघितलं. मग गुडघ्यावर ऊस मोडला आणि बुडख्याकडचा, म्हणजे जास्त गोड असतो तो तुकडा, रिवाजाप्रमाणे साहेबांपुढे धरला. साहेबांनी तो घेतला. दातानं साल काढली आणि एक घास चावलासुद्धा. मग आम्हा तिघांचे चेहरे त्यांना दिसले.

‘‘गोड आहे का, साहेब?’’ मी विचारलं.

साहेबांनी चोथा थुंकला. त्यांची नजर बप्पाच्या टाचेवर होती. चप्पलेचा पट्टा तुटलेला होता. ‘‘कावून केलं बे हे?’’ त्यांनी हळूच विचारलं. बप्पा म्हणाला, ‘‘समोर आला, साहेब. हात गेला.’’

साहेबांनी खिशातून पेन काढून बॉनेटवर नकाशा पसरला, ते मी अजून विसरले नाही. तिथेच शिंदेबाईंना विचारलं, ‘‘बाई, कुनीच उभं राहत न्हाई अशी जागा कुठली?’’ बाईंनी एका बाजूला नाल्याचा पूल दाखवला, दुसऱ्या बाजूला बाभळीचं रान. ठरलं असं की फाटकासमोरचा ब्रेकर काढायचा, त्या दोन जागी दोन करायचे आणि मधल्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेनं लोखंडी कठडा घालायचा. मोटारसायकल पुलावर थांबेल, फाटकासमोर पुन्हा वेग धरायला अंतरच उरणार नाही.

मी रिपोर्टात ‘उत्तम’ म्हटलं नाही. जुना ब्रेकर इतर शाळांसमोर बांधू नये, असं स्पष्ट सांगितलं. बैठकीत मोठे साहेब नाराज झाले. ‘‘एका खोडीपायी अख्खी योजना?’’ असं म्हणाले. तेव्हा नागरगोजे साहेबच उठले आणि म्हणाले, ‘‘सर, ती खोडी माझ्या ड्रायव्हरला हाय. मला पण हाय.’’ योजना नव्या नकाशानं पुढे गेली.

पुढच्या हंगामात मी मुद्दाम त्या गावाला गेले. ब्रेकर हलले होते, कठडा उभा होता. फारूकी म्हणाले, प्लास्टरचं काम बरंच कमी झालंय. पण मला खरं कुतूहल होतं ते पोरांचं. ऊस खायचा सोडला की काय?

शिंदेबाईंनी उत्तरादाखल मला कठड्यापाशी नेलं. शनिवारची सकाळची शाळा सुटत होती. एक ट्रॅक्टर कठड्याशी येऊन पूर्ण थांबला, इंजिन बंद. ड्रायव्हरनं वरून उसाची मोळी खाली सोडली. बाईंनी ट्रॅक्टरवाल्यांना गाठून ही सोय लावली होती, जुन्या गाडीवानांसारखी. मोठ्या साहेबांच्या ऑफिसातून मला विचारणा झाली होती, ही मोळी कुठल्या विभागाच्या नावावर दाखवायची? मी अजून कळवलेलं नाही.

पल्लवी लंगडत कठड्यापाशी आली. मोळीतला सगळ्यात लांब ऊस तिनं निवडला, कठड्यावर मोडला आणि बुडख्याकडचा तुकडा माझ्यापुढे धरला.

‘‘घ्या मॅडम,’’ ती म्हणाली, ‘‘हा अख्खा निघालाय.’’